करकोच्यांचं अस्तर

निमाताईंची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंही नव्हतं. कुवेतमध्ये, सबाह अल-सालेममधल्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. गणपतीच्या आरतीसाठी मी पैठणी नेसून लिफ्टने खाली चालले होते. मधल्या एका मजल्यावर लिफ्ट थांबली, एक ठेंगणी, गोल चष्म्याची बाई आत आली आणि ना नमस्कार ना चमत्कार, सरळ माझा पदर हातात घेऊन तो उलटा केला. चष्मा कपाळावर चढवला, पदराची मागची बाजू नाकापाशी नेली आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"खरी हाय," त्या म्हणाल्या. "कुणाची?"

"माझीच."

"तसं न्हाई गं बाई. विणली कुणी?"

ते मला कुठून माहीत असणार? सासूबाईंनी लग्नात घेतली होती. मी तसं सांगितलं. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं बरंचसं कीव केल्यासारखं होतं. तळमजला येईपर्यंत मला कळलं होतं, की त्या पैठणच्या, त्यांचे आईवडील दोघंही मागावर बसणारे, आणि मी साडीला चुकीची पिन लावली आहे.

पुढे लक्षात आलं, की ही तपासणी फक्त माझी नव्हती. निमाताई ज्या घरी जात तिथल्या सोफ्याचं कापड उलटून बघत. पडद्याच्या दुमडी बघत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सत्काराची शाल कुणाच्या खांद्यावर पडायच्या आधी त्यांच्या हातातून उलटी होऊन जाई. "खरी पैठणी उलटी केली तरी सुलटीच दिसती," असं त्यांचे वडील सांगत, आणि निमाताईंनी ते वाक्य कापडापुरतं ठेवलं नव्हतं. जगातल्या यच्चयावत वस्तूंना आणि माणसांना त्यांची एकच अट होती: आतबाहेर एक पाहिजे.

आणि हे बोलणारी बाई सालमियातल्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढत होती. "आमच्या बापानं जन्मभर कापड उलटं करून बघितलं, मी माणूस बघते," असं त्या म्हणत आणि आपल्याच विनोदावर मनापासून हसत. माणसं त्यांना चेहऱ्याने लक्षात राहत नसत, हाडांनी राहत. मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर समोरून येणाऱ्या एखाद्या भारदस्त गृहस्थाला बघून त्या मला कोपराने ढोसत. "ते बघ, डावा गुडघा चाललाय." गृहस्थही ओळखून छातीवर हात ठेवत आणि अदबीने अरबीत विचारपूस करत. निमाताई मराठवाडी वळणाच्या अरबीत उत्तर देत आणि जाता जाता त्यांना वजन कमी करायला सांगत.

त्या जे आत आलं ते बाहेर बोलत. मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण लांबलं तर त्यांनी पहिल्या रांगेतून, "साहेब, श्वास रोखून धरायचा का सोडायचा ते तरी सांगा," असं विचारलेलं मी ऐकलं आहे. माझ्या पोटात खडा आहे हे मला कळायच्या आधी आमच्या इमारतीतल्या मराठी, मल्याळी आणि एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कुटुंबाला कळलं होतं. राग धरण्यात अर्थ नव्हता. खडा निघाला त्या दिवशी आमच्याकडे चार घरांतून डबे आले.

या बाईचा नवरा म्हणजे दत्ताराव. एका बांधकाम कंपनीत हिशेब तपासायचे. उंच, सडपातळ, बाराही महिने गडद रंगाचा शर्ट, आणि बोलणं असं की शब्दांवर जणू कर बसला आहे. त्यांच्या घरी गेलं की ते चहा ठेवत, कप पुढे करत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसत. निमाताई त्यांच्यादेखतच आमच्यापाशी तक्रार करत. "संसार झाला, पोरगं शिकून नोकरीला लागलं, पण ह्या माणसाच्या आत काय हाय ते मला कळलं न्हाई. कितीबी फोटो काढा, फिल्म कोरीच येती." दत्ताराव चहात साखर ढवळत राहत. ते गालातल्या गालात हसत का, हे त्यांच्या मिशीमुळे सांगता येत नसे.

तर या दत्तारावांनी, त्या वर्षी दिवाळीनंतर, लिफ्टमध्ये, मी विचारलेलं नसताना एकदम चार वाक्यं उच्चारली.

"हिचं मार्चमध्ये संपतंय. वयामुळे तिला दवाखाना ठेवत नाही, मला कंपनी, म्हणजे इकामा पुढे व्हायचा नाही. तिनं कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून."

आणि ते उतरून गेले. मी माझा मजला सोडून गच्चीपर्यंत गेले.

इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की इथलं राहणं संपलं, हे आखातात राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. आज ना उद्या ते सगळ्यांचंच व्हायचं असतं. मला धक्का बसला तो त्याचा नाही. ज्या बाईने माझा खडा इमारतभर नेला, ती स्वतःचं जाणं पोटात ठेवून मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करत होती. मी वाट बघितली. आज सांगतील, उद्या सांगतील. त्या भेटत, बडबडत, माझ्या ओढणीची किनार उलटून बघत, आणि ते सोडून बाकी सगळं सांगत.

अशा दिवसांत तो कोट आला.

शुक्रवारच्या जुन्या बाजारात, सूक अल-जुमामध्ये, आम्ही दोघी स्वस्तातली खुर्ची शोधायला गेलो होतो. खुर्च्या बाजूलाच राहिल्या. जुन्या कपड्यांच्या एका ढिगाऱ्यापाशी निमाताई थांबल्या. ढिगातून एक काळी बाही लोंबत होती. विकणारा मिसरी म्हातारा म्हणाला, "यबानी. हरीर." जपानी आहे, रेशीम आहे. निमाताईंनी बाही चुरगाळली, सोडली, कानाशी नेली. "हरीर हाय," त्या म्हणाल्या. तेवढ्यावर त्यांचं एकमत झालं.

बाकी तो कोट म्हणजे काय होता? लांब, काळाकुट्ट, ना गुंडी ना खिसा. बाह्या पिशव्यांसारख्या चौकोनी. पाठीवर, बाह्यांवर आणि छातीवर रुपयाएवढी गोल पांढरी नक्षी, तिच्यात तीन पानं.

"कंपनीचा लोगो हाय," निमाताई म्हणाल्या. "वकिलाचा असंल. नाहीतर न्हाव्याचा. ठेव तिथं."

आणि ठेवता ठेवता, केवळ जन्माच्या सवयीने, त्यांनी तो उलटा केला.

निमाताई गप्प बसल्याचं मी आयुष्यात दोनदा पाहिलं, त्यातली ही पहिली वेळ. काळ्या कोटाच्या आत आख्खा समुद्र होता. खाली लाटा, एकीत एक अडकवलेल्या कमानींच्या, माशाच्या खवल्यांसारख्या. त्यांच्यावर पुसट शाईने काढलेली एक होडी. होडीमागे ढगांऐवजी कोनाकोनाच्या सरळ पट्ट्या, वर भलामोठा फिका चंद्र. आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत तिरके उडत चाललेले करकोचे, लांब माना पुढे काढलेले, पंखांच्या टोकांना सोनेरी झाक. बाह्यांच्या आत आणखी वेगळंच कापड: विटकरी रंगावर बारीक फुलांची वेल, आणि वेलीत कोयऱ्या.

"ह्या कोयऱ्या आपल्या हायेत," असं शेवटी त्या म्हणाल्या, इतक्या हळू की म्हाताऱ्याने घासाघीस सुरू झाली असं समजून आपणहून भाव उतरवला.

त्या कोटाने पुढे आमच्या इमारतीत जो धुमाकूळ घातला त्याची तुलना फक्त पाहुण्या बाळाशी करता येईल. ज्याने त्याने येऊन त्याला बघून जायचं. फिल्म बघायची, दवाखान्याने टाकून दिलेली जुनी दिव्याची पेटी निमाताईंनी घरी आणून भिंतीवर लावली होती, तिच्यावर त्या कोट धरत आणि पेन्सिलीने दाखवत, रोग्याच्या नातेवाइकांना समजावून सांगावं तसं. "हे पाखरू बघा. हे आमच्या जायकवाडीवर थंडीत येतं. मी डोळ्यांनी बघितलंय. जपान्यानं कुठं बघितलं?" जायकवाडीहून जपानला जाताना थांबले असतील, असं कुणीतरी म्हटलं. ते त्यांना सहज पटलं.

चंद्राबद्दल मात्र त्यांचा आक्षेप होता. चंद्राभोवती चित्रकाराने काहीच काढलं नव्हतं, नुसतं मोकळं रेशीम. "एवढी जागा सोडली कामून? आमच्या बापानं तिथं चार मोर आन् आसावलीची एक वेल बसवली असती. धागा संपला म्हणावं तर हे रंगवलेलं हाय." त्या मोकळ्या जागेचा त्यांना खरोखरच त्रास होई. अधूनमधून येऊन त्या तिच्यावर बोट ठेवत आणि मान हलवत.

शोध लावायचं काम माझ्यावर आलं. शर्कमधल्या माझ्या ऑफिसात दुपारी समुद्राकडे तोंड करून डबा खाता खाता मी हाओरीवर वाचायला लागले. असल्या कोटाला हाओरी म्हणतात, एवढ्यापासून सुरुवात होती. मोकळ्या जागेचा दोष जपान्यांचा एकट्याचा नाही, ती रीत चिनी शाईचित्रांतून त्यांच्याकडे आली. न काढलेलं तेच धुकं, तेच पाणी. ढगांच्या जागी ज्या कोनाकोनाच्या सरळ पट्ट्या होत्या त्या पाश्चात्त्य फॅशनच्या. शंभरेक वर्षांपूर्वी ती फॅशन जगभर फिरली, मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारतींच्या कठड्यांवर आली, तशी जपानच्या रेशमावरही उतरली. आणि बाह्यांतल्या वेलीचं तर नावच निघालं. तसल्या नक्षीला ते लोक सरासा म्हणतात. युरोपी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आपल्याकडची छापील कापडं तिकडे गेली, जपान्यांना ती वेड लावून गेली, आणि मग ते स्वतःच तशी बनवायला लागले.

हे मी जिन्यात सांगितलं. जिन्यातच सांगायला नको होतं. निमाताईंनी प्रत्येक मजल्यावरची बेल वाजवली. "मी म्हटलं नव्हतं? कोयरी आपली हाय. इकडनंच गेलीय." मल्याळी सिस्टरने ती केरळच्या बंदरातून गेली असणार असा मुद्दा काढला, तेव्हा निमाताईंनी पैठणचा माल सगळ्या बंदरांतून जात असे असं सांगून तो मिटवला. कोट कुवेतला कसा आला याचाही त्यांनी निकाल लावला. इथल्या समुद्रातल्या मोत्यांचा धंदा जपानच्या शेतीतल्या मोत्यांनी बुडवला ना, मग भरपाई म्हणून कोट तरी द्यायलाच पाहिजे होता.

त्यांना सगळ्यात भावलं ते शिवणं. हाओरीला गोलाई नसते. अरुंद पन्ह्याच्या एका लांब पट्टीचे सरळ सरळ तुकडे जोडायचे, उसवले की पुन्हा तीच पट्टी. "कापडाचा जीव घेतला न्हाई," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी कोटावरून तळहात फिरवला तो तपासणीचा नव्हता.

माझ्या लेकीने फोनवर काहीतरी बघून, "इट्स अ मॅन्स जॅकेट, आजी," असं जाहीर केलं. निमाताईंनी लक्ष दिलं नाही. कोटाला समोर बांधायची दोरी हरवली होती, तिच्या जागी त्यांनी दत्तारावांचा नवा काळा करगोटा ओवला, आणि संक्रांतीला आपण हा कोट घालणार असं सांगून टाकलं.

मी म्हटलं, छानच. काळं घालायचा आपला एवढा एकच सण, कुवेतला जानेवारीत बोचरी थंडी, आणि कोट काळा. यापेक्षा जुळून काय यायचं?

"काळा कशाला?" त्या म्हणाल्या. "हा असा घालणार." आणि त्यांनी तो उलटा करून अंगात चढवला. समुद्र बाहेर, काळं आत. "शिवण कुठं दिसती का सांग. न्हाई ना? म्हणजे दोन्हीकडून घालायचा हाय. पैठणीसारखा."

खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला. "आत असू दे की."

आम्ही दोघी वळलो. दत्ताराव बोलले होते.

"कामून?" निमाताईंनी विचारलं. "एवढं चांगलं काम लपवून ठेवायचं? कुणाला दिसायचं मग?"

"तुला माहीत आहे ना, की आत आहे."

"मला माहिती असून काय फायदा? मी काय तुमच्यासारखी हाय का, सगळं पोटात घालून बसायला?"

दत्तारावांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, कारण मी लिफ्टमधली ती चार वाक्यं ऐकली होती. निमाताईंनाही कळलं असणार, कारण त्या एकदम गुळाचा पाक बघायला स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर पाक नव्हताच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांचा हॉल काळ्या साड्यांनी भरून गेला. नर्सेस, बँकवाल्या, एक दातांच्या डॉक्टर, नवी लग्न झालेली सोनल हलव्याचे दागिने घालून. पुरुषांना रिवाजाप्रमाणे बाहेर काढलं होतं, फक्त दत्तारावांना चहासाठी स्वयंपाकघरात ठेवून घेतलं होतं. आणि या सगळ्या काळ्याच्या मधोमध निमाताई समुद्र, होडी आणि करकोचे अंगावर घेऊन हिंडत होत्या. चंद्र नेमका पाठीवर आला होता. येणारी प्रत्येक बाई आधी त्यांना एक प्रदक्षिणा घाली, मग कुंकू लावून घेई.

तेवढ्यात मिचिकोबाई आल्या. निमाताई आपल्या पेशंटांना लग्नामुंजीची आमंत्रणं देत, त्यातल्याच या एक. कुठल्याशा वीजकेंद्रावरच्या जपानी इंजिनियरांच्या पत्नी, मनगट मोडून फोटो काढायला आलेल्या. निमाताईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आपल्या देशाचा कोट बघून बाईंना भरून येईल, असा हिशेब.

मिचिकोबाई दारात वाकल्या, सरळ झाल्या, निमाताईंना पाहिलं आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. खांदे हलायला लागले.

"भरून आलं बिचारीला," दातांच्या डॉक्टर म्हणाल्या.

भरून आलं नव्हतं. त्या हसत होत्या. हसू दाबायची त्यांची पराकाष्ठा चालली होती, आणि त्यामुळे डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मग त्या पुढे झाल्या, निमाताईंची बाही दोन बोटांत धरली आणि अगदी हळू म्हणाल्या, "सॉरी. धिस इज इनसाइड."

"येस, येस," निमाताई म्हणाल्या. "इनसाइड व्हेरी ब्युटिफुल."

"नो. इनसाइड... इज इनसाइड."

मग मिचिकोबाईंनी मोडक्या इंग्रजीत आणि न मोडलेल्या हाताने खुणा करत सांगितलं, ते असं. हा कोट पुरुषांचा. त्यांच्या आजोबांकडे असा होता. आजोबा दुकानदार. फार जुन्या काळी तिकडे दुकानदारांनी भपका करायचा नाही असा सरकारी हुकूम होता. म्हणून त्या लोकांनी बाहेर साधं काळं ठेवलं आणि सगळी हौस आत, अस्तरावर केली. हुकूम गेला, रीत राहिली. आजोबा मित्राकडे जात, दारात कोट उतरवत. यजमान मागे उभा राहून कोट हातात घेई, आणि उतरवताना क्षणभर आतलं चित्र दिसे. यजमान म्हणे, "आह." बस. त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

"म्हणजे लबाडीच की," निमाताई म्हणाल्या.

याचं इंग्रजी मी 'क्लेव्हर' असं केलं. मिचिकोबाई खूश झाल्या.

मग त्यांनीच निमाताईंच्या अंगातून कोट काढला, सुलटा केला, काळी बाजू बाहेर करून पुन्हा चढवला, मागे उभ्या राहिल्या आणि तो उतरवून घेतला. बाह्यांतून हात सुटता सुटता कोट पाठीवरून घसरला आणि त्या काळ्यातून एकदम करकोचे निघाले. आम्ही ते चित्र महिनाभर दिव्याच्या पेटीवर पाहत आलो होतो. तरी असं पाहिलं नव्हतं.

"आऽऽह," आम्ही सगळ्या म्हणालो.

मिचिकोबाईंनी मान हलवली. दातांच्या डॉक्टरांकडे आल्यासारखं नाही. छोटं. अर्ध्या श्वासाचं. त्यांनी म्हणून दाखवलं. आम्ही म्हटलं. पुन्हा म्हणून दाखवलं. यानंतर हळदीकुंकू कुठल्या कुठे गेलं. प्रत्येकीला कोट घालायचा होता आणि उतरवायचा होता. रांग लागली. वाण तसंच खोक्यात राहिलं. मल्याळी सिस्टर कोट उतरवताना गिरकी घ्यायला लागल्या, मिचिकोबाईंनी तेही चालवून घेतलं. आणि काळ्या साडीतल्या बायका एका जागी जमल्यावर जे व्हायचंच असतं ते कुणीतरी सुचवलं: कोट उतरवायचा तर नाव घेऊन उतरवायचा.

सोनल पहिली. तिचा नवरा तिला खाली सोडून गेला होता तो अजून गाडीतच होता.

"लाटांवरती होडी, वरती चंद्र गोल,
पार्किंग शोधत फिरतोय माझा अमोल."

कोट घसरला, करकोचे उडाले, "आह." मिचिकोबाईंना उखाण्याचा अर्थ सांगायला घेतला तर त्या इतक्या हसल्या की त्यांनाही एक घ्यायला लावला. त्यांनी जपानीत काहीतरी म्हटलं, त्यात नवऱ्याचं नाव होतं एवढं कळलं आणि तेवढं पुरलं. माझी पाळी आली तेव्हा मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

शेवटी निमाताई उभ्या राहिल्या. एव्हाना हॉलमध्ये कुणाला धड उभं राहता येत नव्हतं, पोट धरून हसणं चाललं होतं. त्यांनी कोट घातला, करगोट्याची गाठ बांधली, ती पुन्हा सोडली, आणि रोजच्या खणखणीत आवाजात म्हटलं,

"जपानच्या कोटाला करकोच्यांचं अस्तर,
दत्तारावांचं नाव घेते, गुंडाळते दप्तर."

टाळ्या पडल्या. कुणी "वा, वा" म्हणालं. मग टाळ्या विरळ होत गेल्या. सोनलने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. कोट त्यांच्या खांद्यांवरून उतरला आणि मिचिकोबाईंच्या हातात अर्धा लोंबत राहिला, चंद्र आमच्याकडे करून. आणि निमाताई गप्प उभ्या होत्या. ही दुसरी वेळ.

कुणालाच "आह" म्हणायचं सुचलं नाही.

म्हटलं ते दत्तारावांनी. चहाचा ट्रे घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. त्यांनी अस्तराकडे पाहिलंही नव्हतं. निमाताईंकडे बघत ते हळूच, अर्ध्या श्वासाचं, "आह" म्हणाले. मिचिकोबाईंनी मान वळवली आणि त्यांना लवून दाद दिली. इतक्या जणींत तेवढं एकच बरोबर झालं होतं.

"मार्चमध्ये चाललोय आम्ही," निमाताई म्हणाल्या. "पैठणला. लई दिवसांपासून सांगायचं होतं. सांगायला गेलं की बाई, घशातच अडकायचं. मला जायचं न्हाई. इथली हाडं सगळी माझ्या ओळखीची हायेत." मग त्यांनी चष्मा पुसला. "आता रडू नका. चहा गार व्हायलाय."

आम्ही अर्थातच रडलो, चहा गार केला, आणि मग पुन्हा कोट घालून बघायचा राहिलेल्या दोघी होत्या म्हणून रांग पुढे सुरू केली.

मार्चमध्ये विमानतळावर त्यांना सोडायला निम्मी इमारत गेली होती. कोट कुठेच दिसेना. निमाताईंच्या अंगावर साधी साडी आणि स्वेटर होता. बॅगेत चुरगळेल, हे मी बोलणार तेवढ्यात सामानाची ट्रॉली ढकलत दत्ताराव आले, आणि कोट त्यांच्या अंगावर होता. काळा, सरळ, गुडघ्यांच्या जरा वर थांबलेला, छातीवर ती तीन पानं. उंच माणसावर तो असा बसला होता, की माझ्या लेकीनेसुद्धा फोन खाली केला.

"बापयाचा कोट हाय, बापयानंच घालावा," निमाताई म्हणाल्या. मग माझ्या ओढणीचं टोक उलटं करून त्यांनी नाकाशी नेलं. "पॉलिस्टर," असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली आणि चटकन सोडून दिलं.

पुढे आम्हाला जाऊ देत नव्हते. माणसांच्या डोक्यांवरून, काचेपलीकडे, सामान तपासायचं यंत्र लांबून दिसत होतं. तिथल्या माणसाने दत्तारावांना कोट काढायची खूण केली. ते हात वर करणार तोच निमाताई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. टाचा उंच करून त्यांनी दोन्ही खांद्यांवरून कोट धरला आणि हळूहळू उतरवला. त्या पांढऱ्या दिव्यांत समुद्र, होडी, चंद्र, सगळे करकोचे एकदम निघाले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. निमाताईंचे ओठ किंचित उघडून मिटले, तेवढं दिसलं. दत्ताराव मागे वळले नाहीत, पण मिशी हलली.

मग कोट ट्रेमध्ये गेला आणि ट्रे यंत्रात. आणि निमाताई, तिथला माणूस हाताने पुढे व्हा, पुढे व्हा म्हणत असताना, चष्मा कपाळावर चढवून, कमरेत वाकून त्याच्या पडद्यात डोकावायला लागल्या. रेशीम एक्स-रेमध्ये दिसत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. तरी त्या वाकून बघत होत्या.